बटाटा माझा, मासा तुझा

शोभा, काल तुझ्या मागच्या अंगणात बसून मी माशाचे काटे काढले. मी, म्हणजे तुझी अक्का, जिच्या ताटाजवळ मासळीला लागलेला चमचासुद्धा तू कधी येऊ दिला नाहीस. नंतर हात राखेनं घासले, लिंबू चोळलं, आंघोळ केली. तरी आज सकाळी लिंगपूजेला बसले तर बोटांना वास येतोय असं वाटत राहिलं. आमच्या यांनी माझा हात नाकाशी धरून बघितला आणि म्हणाले, काही वास नाही, तुला उगीच वाटतंय. मला उगीच वाटतं हे इतकी वर्षं तू ऐकवायचीस, आता ते काम त्यांनी अंगावर घेतलंय.

तुला जाऊन महिना उलटला. माणसं अजून येतात, तुझ्या नवऱ्यासमोर, आमच्या दाजींसमोर सतरंजीवर बसतात आणि तू किती शांत होतीस, किती सोशिक होतीस ते सांगतात. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असते आणि मला कळत नाही की हे कुठल्या बाईबद्दल बोलतायत. शांत? तू? आठवडी बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडायचीस आणि घरी येऊन ते भांडण मला दोन्हीकडच्या आवाजांत करून दाखवायचीस. दाजींनी लपवलेली फरसाणाची पुडी शोधायला ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातलेला मी बघितलाय. तू शांत असतीस तर आपलं एक दिवस जमलं नसतं. गप्प बसायला आणि घाबरायला मी एकटी पुरेशी होते.

घाबरट हे नाव तूच मला दिलंस. आम्ही वडवणीत तुमच्या शेजारी राहायला आलो ते किराणा दुकान टाकायला, आणि पहिल्याच महिन्यात बीडला जायला निघालेली मी बसस्टँडवरून परत आले, गॅस बंद केलाय का बघायला. तू ओट्यावर तांदूळ निवडत होतीस. मी कुलूप उघडून आत गेले, बाहेर आले, पुन्हा कुलूप ओढून बघितलं, तेव्हा तू सूप बाजूला ठेवून म्हणालीस, "अक्का, तू मेल्यावर पण परत येशील बघ, कुलूप लागलंय का बघाय." अजून आपली नीट ओळखही नव्हती. मला राग यायला हवा होता, पण मी हसले आणि बस चुकली.

आता बघ. परत येऊन कुलूप ओढून बघणारी मी इथंच आहे आणि तू सगळं उघडं टाकून गेलीस.

माशाच्या टिक्क्या सुरू झाल्या त्या दाजींच्या दुखण्यापासून. त्यांना झटका आला, बीडला नेलं, हृदयाच्या नळीत जाळी बसवली, आणि घरी आले ते डॉक्टरांचं फर्मान घेऊन. तळलेलं बंद, मीठ कमी, साखरेवर लक्ष. मासा चालेल, उलट चांगला, पण तेलात सोडायचा नाही. तुझं माहेर माजलगावच्या धरणाकाठचं, आणि दाजी तळलेल्या कटल्याशिवाय रविवार न मानणारे. घर आठ-पंधरा दिवस रुसलेलंच होतं. तू पातळ रस्सा केलास तर हे आजाऱ्याचं जेवण आहे म्हणून त्यांनी ताट सरकवलं. मग तू मासा वाफवलास, कुस्करलास, त्यात थोडा बटाटा घातलास, लसूण-मिरची-कोथिंबीर वाटून घातली, भाजलेल्या ज्वारीच्या पिठानं गोळा आवळलास आणि ज्वारीच्या कण्यांत लोळवून लोखंडी तव्यावर चमचाभर करडईच्या तेलात खरपूस टिक्क्या केल्यास. दाजींनी दोन खाल्ल्या आणि तुलाच दटावलं, "तळलं कावून? डॉक्टर न्हाई म्हणलेत ना?" हे सांगायला तू भिंतीवरून मला हाक मारलीस तेव्हा तुझा आवाज आनंदानं चढला होता.

पुढं रेणू बारावी झाली. लेकीच्या मैत्रिणींना तू टिक्क्यांचं आवतण दिलंस आणि माणसं वाढत वाढत अर्धी गल्ली झाली. एकटीच्यानं एवढं होईना म्हणून मला बोलावलंस. मी मागच्या दारातच थबकले. आमच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा येत नाही, तुला ठाऊक होतं. तू काही विचारलं नाहीस, समजावलं नाहीस. अंगणातल्या धुण्याच्या दगडाच्या अलीकडे एक पाट टाकलास, पलीकडे एक, आणि म्हणालीस, "बटाटा तुझा, मासा माझा. दगड कुणी ओलांडायचा न्हाई." त्यानंतर जेव्हा जेव्हा टिक्क्या झाल्या तेव्हा आपण अशाच बसलो. सकाळी उकडून गार केलेले बटाटे मी सोलायचे, किसायचे. तुझ्याकडे मासा. मळायचं तू, कारण तिथं दोन्ही एक व्हायचं. आणि तव्यावर पहिल्या टिक्क्या माझ्या, मोड आलेली मटकी घातलेल्या, बटाट्याच्या. त्या उतरून वेगळ्या ताटात झाकल्या गेल्या की मगच तव्याला मासा लागायचा. "आधी अक्काच्या," असं तू तव्याला बजावल्यासारखं म्हणायचीस.

कुणी इतकं सांभाळतं का गं? माझ्या सख्ख्या माणसांनी माझं इतकं सांभाळलेलं नाही. मी तुला हे कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तू त्याचीही नक्कल केली असतीस.

तुझ्या बाजूला मी कधी निरखून बघितलं नाही. किळस नव्हती, संकोच होता. पण कान काही बांधून ठेवता येत नाहीत. वाफवलेला मासा कोमट झाला की तू स्टीलचं ताट पालथं घालायचीस, त्याच्या पाठीवर मासा चिमूट चिमूट ठेवून बोटानं दाबत पुढं न्यायचीस. नुसता मासा गुपचूप सरकायचा. काटा असला की ताटावर बारीकशी खर्र व्हायची, अगदी हलकी. मी तेव्हा हमखास काहीतरी बोलत असायचे, कुणाला ताप आलाय, कुणाची बस आली नाही, आणि तू हात थांबवून म्हणायचीस, "गप गं अक्का, काटा ऐकू दे." मी गप्प व्हायचे. बटाटा किसता किसता मीही ऐकायचे.

आपलं कायमचं भांडण मिठावरून. दाजींच्या रक्तदाबापायी तू सगळ्या गावाला अळणी खायला घालायचीस. पाहुण्यांनी काय पाप केलंय, असं मी म्हणायचे, तर तू म्हणायचीस, तू खाल्लीस का कधी, मग? माझ्या बटाट्याच्या पण अळणीच असतात, असं मी ऐकवलं की पुढच्या वेळी माझ्या ताटात कागदाच्या पुडीत चिमूटभर मीठ बांधून यायचं, औषधाची पुडी असते तसं. दाजी तुझी पाठ वळली की मिठाच्या डब्यात बोट बुडवायचे. त्यांना वाटायचं तुला कळत नाही. तू मला डोळ्यांनी खुणवायचीस.

दुसरं भांडण मात्र अर्धवट राहिलं, आणि ते माझ्या घशात अडकून बसलंय. गेल्या काही महिन्यांत तू डावा दंड चोळत बसायचीस. गच्चीवर पापड टाकायला चढलीस की मधल्या पायरीवर टेकायचीस. मी म्हटलं, बीडला दाखवून येऊ. तू म्हणालीस पित्त आहे. मी म्हटलं, दाजींना असंच झालं होतं. तू म्हणालीस, "तुला उगीच वाटतंय." मी रडकुंडीला आले तेव्हा कुठं वायदा केलास, की रेणूचा सातवा महिना लागतोय, तिची ओटी भरू दे, तिच्या पार्टीच्या टिक्क्या एकदा हातावेगळ्या होऊ देत, मग अक्का म्हणेल त्या डॉक्टरकडे येते.

शोभा, मी आयुष्यभर घाबरले. गॅसला घाबरले, कुलपाला घाबरले, कुत्र्याला, विजेला, पोरांच्या तापाला. त्यातलं काहीसुद्धा खरं झालं नाही. एकच भीती खरी झाली आणि ती नेमकी ही. दाजींच्या गोळ्या, दाजींचं मीठ, दाजींची साखर, सगळं तू बोटावर मोजत होतीस, आणि दोरीवर धुणं टाकता टाकता तूच गेलीस. मला तुझा राग येतो. माणसं तुझं कौतुक करत असतात आणि मला ट्रे आपटावासा वाटतो.

दाजींनी तर ओटी नकोच म्हटलं होतं. घरात अजून माणसं भेटायला येतायत, हिरवी साडी आणि गजरे कसले, असं त्यांचं म्हणणं. तुझ्या विहीणबाईंनी सिरसाळ्याहून स्वतः फोन केला. पोरीचा महिना काही थांबत नाही, त्या म्हणाल्या, आणि ओटी आम्ही तिकडंच येऊन भरतो, तेवढंच घर हलेल. दाजी हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

त्याच संध्याकाळी रेणू माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. तुझ्यासारखीच, भिंतीला टेकून, पाय पसरून. तिच्याही डॉक्टरनं साखर बघायला सांगितलीय, तळकट बंद केलंय. ती म्हणाली, "मावशी, आई म्हणलती ओटीला टिक्क्या करीन. मला दुसरं काई नको." मी म्हटलं, मामीला सांगू. तर म्हणाली, मामीला रस्सा येतो, टिक्की आईशिवाय कुणाला येत नाही, आणि आईनं तिला काट्याच्या कामाला कधी बसूच दिलं नाही.

"तुला येती की," ती म्हणाली.

"मला बटाटा येतो गं."

"मग अर्धी येतीच."

डोहाळे पुरवायचे असतात, त्यात आईचे हात मागणारी लेक. घरी यांना सांगितलं तेव्हा हे बराच वेळ वजनकाट्यावरची धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, "शोभानं आजवर तुझं ताट बाटवलं न्हाई. जा, कर. आंघोळ करून घरात ये." मला वाटलं होतं हे नाही म्हणतील आणि मी सुटेन. मनातून मी त्यांच्या नकाराचीच वाट बघत होते, हे तुला सांगायला हरकत नाही.

तेव्हापासून माझ्या डोळ्यासमोर एकच. रेणू घास घेते, थांबते, हात गळ्याशी जातो. आणि तिच्या पोटात आणखी एक जीव. बाकी कुणाच्या घशात काटा गेला तर निस्तरता येईल, पण सात महिन्यांची गर्भारशी खोकून खोकून बेजार झाली तर मी काय करू, कुणाला तोंड दाखवू? काटा अडकला तर केळं गिळतात असं तूच कधीतरी म्हणाली होतीस. मी केळ्यांचा अख्खा फणा आणून तुझ्या कपाटाआड झाकून ठेवला. जावयांना वाटलं ओटीचा आहे, त्यांनी तो नेऊन नारळाशेजारी मांडला. मी पुन्हा उचलून लपवला. दवाखाना रविवारी उघडा असतो का, हे विचारायला मी इतक्यांदा फोन केला की तिथली मुलगी शेवटी म्हणाली, काकू, पेशंट कोण आहे ते तरी सांगा.

आणि मासा. तुझ्या भावाला मोठा कटला आणायला बजावलं होतं. मोठ्या माशाचा काटा मोठा, बोटाला सापडतो, हे तुझं बोलणं दगडाच्या अलीकडे मला ऐकू आलेलं. तो मोटरसायकलवरून उतरला, पिशवी पुढं केली आणि नजर चुकवून म्हणाला, "मोठं घावलंच न्हाई आज, अक्का. रोहू हाय. पण ताजा हाय." मध्यम आकाराचे रोहू. ज्याच्या काट्यांना तू केसाळ म्हणायचीस. मासा खराब निघाला असं सांगून मोकळं व्हायचं, वाक्य जिभेवर तयार होतं. तेवढ्यात रेणू मागच्या उंबऱ्यावर येऊन बसली, पाय सुजलेले, डोळे सुजलेले. पिशवीतल्या मासळीचा वास आला तशी ती हसली. या महिन्यात तिला हसताना कुणी बघितलं नव्हतं. मी पिशवी घेतली.

दुपारी ओटी भरली. विहीणबाईंनी कसलीही घाई न करता, नीट, प्रेमानं भरली. तुझ्या जागी कुणी बसायचं यावर बायका कुजबुजल्या, तर त्यांनी सरळ मला हाताला धरून रेणूशेजारी बसवलं. दाजी पुढच्या खोलीतून उठले नाहीत. गोडाचं जेवण झालं, बायका आडव्या झाल्या, रेणूच्या मैत्रिणी येऊ लागल्या, आणि मी मागच्या अंगणात गेले.

सवयीनं मी माझ्या पाटावर बसले. बटाटे सोलले, किसले. किसून झाले आणि मी थांबले, तू मागशील म्हणून. तुझ्या वहिनीनं वाफवून ठेवलेला मासा परातीत पलीकडे होता. तो उठून माझ्याकडे येणार नव्हता. मी ताट घेतलं, गळ्यातलं लिंग पदराखाली सारखं केलं आणि दगड ओलांडून तुझ्या पाटावर बसले. हात लावायच्या आधी तुला विचारलं, चालेल ना? तू असतीस तर हाणून पाडलं असतंस, म्हणाली असतीस, जा तिकडं, बटाट्याकडं.

मासा मऊ होता. मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप मऊ. मी पालथ्या ताटावर चिमूट ठेवली, दाबली, पुढं नेली. काही आवाज नाही. दुसरी, तिसरी, काही नाही. मला वाटलं, बरंच सोपं आहे की. निम्मी परात झाली आणि बाजूच्या ढिगातली एक चिमूट उगीच बोटात चोळून बघितली, तर काटा. केसाएवढा, दोन तोंडं असलेला. मग कळलं की काटे नाहीत असं नाही, मला ऐकूच येत नव्हते. आत कूलर घरघरत होता, मैत्रिणींच्या फोनवर गाणी लागली होती, कुणीतरी मिक्सरवर चटणी फिरवत होतं, बायका खिदळत होत्या. मी तपासलेला सगळा ढीग बिनकामाचा होता. आणि मी ओरडले. "गप बसा सगळ्या." मला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही.

सगळं घर दचकलं. दाजी धावत मागच्या दारात आले. त्यांनी मला बघितलं, तुझ्या पाटाला बघितलं, पालथ्या ताटाला बघितलं. त्यांना काही सांगावं लागलं नाही. ते आत गेले. कूलर बंद झाला, मिक्सर बंद झाला, गाणी थांबली. कुणाला तरी ते म्हणाले, "जरा दम धरा. काटा ऐकू द्या." आणि परत येऊन चौकटीला हात लावून उभे राहिले.

घरात इतकी माणसं आणि इतकी शांतता. तू गेलीस त्या दिवशीसुद्धा एवढी शांतता नव्हती, तेव्हा सगळे रडत होते. मी ढीग पुन्हा परातीत घेतला, पहिल्यापासून सुरुवात केली. बोट दाबलं, पुढं नेलं.

खर्र.

इतकी वर्षं दगडापलीकडून ऐकलेला आवाज माझ्या बोटाखालून आला. मी काटा काढून वाटीत टाकला. पुन्हा खर्र, पुन्हा वाटीत. रेणू उंबऱ्यावर बसून पोटावर हात ठेवून ऐकत होती. मला एकदा वाटलं, तू मागं उभी आहेस आणि मी बोलायची वाट बघतेयस, म्हणजे मला गप्प करता येईल. पूर्ण परात होईपर्यंत दाजी जागचे हलले नाहीत. झाल्यावर मी तो सगळा मासा आणखी एकदा बोटांतून काढला, तेव्हा मात्र ते म्हणाले, "बास अक्का. पिठी व्हाय लागली आता."

मीठ घालायची वेळ आली आणि मी पुन्हा अडकले. तू कच्च्या मिश्रणातलं कणभर जिभेवर टेकवायचीस. मला ते करता येणार नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तर त्यानं आपल्या जिभेचं सांगितलं असतं. मग आपली भांडणं आठवली. किती कमी म्हणून मी तुझ्याशी भांडायचे, तेवढं घातलं. तुझं माप मला भांडून भांडूनच पाठ झालं होतं.

या धांदलीत एक घोळ झालाच. तवा तापला, मी तेल सोडलं आणि पहिल्या टिक्क्या टाकल्या. मासा चुरचुरायला लागल्यावर लक्षात आलं की माझ्या बटाट्याच्या टिक्क्यांचं पीठ कोपऱ्यात झाकलेलंच राहिलं. आधी अक्काच्या, हे सांगणारं कुणी नव्हतं. मी झाकणाकडे बघितलं आणि दुसरी बाजू उलटली. मला कुठं भूक होती?

पहिली टिक्की रेणूची. मी ती हातात मोडून, चार ठिकाणी दाबून, मग दिली. सगळ्या मैत्रिणी, विहीणबाई, जावई, दाजी, सगळे बघत होते, आणि मी पदराखाली केळं धरून उभी. रेणूनं घास घेतला. चावला. चावणं थांबलं. तिचा हात तोंडाशी गेला. माझ्या डोळ्यापुढं अंधारी आली, शोभा, खरंच आली.

"मावशी," ती म्हणाली, "मीठ न्हाई."

मग तिनं गिळलं, आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिचा बांध फुटला. "अगदी आईसारखं. कायच मीठ न्हाई." विहीणबाईंनी तिला जवळ घेतलं. त्या रडण्यातही तिनं दुसरी टिक्की उचलली, मग तिसरी. मैत्रिणींनी ताट फिरवलं. कुणी खोकलं नाही. कुणाचा हात गळ्याशी गेला नाही. मी प्रत्येकीच्या गळ्याकडे बघत होते आणि त्यांना वाटत होतं मी त्यांची मंगळसूत्रं बघतेय.

गर्दी पुढच्या खोलीत गेली तेव्हा मी मागं येऊन माझ्या पाटावर टेकले. तुझ्या स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज यायला लागला. दाजी. ज्या माणसानं चहाचा कप कधी विसळला नाही, तो डबे उघडत होता, काहीतरी घासत होता, गॅसशी झटत होता. मी उठून बघायला गेले नाही. तुझ्यासारखंच मनात म्हटलं, जाऊ दे, करू दे.

ते ताटली घेऊन बाहेर आले. धिरड्यांचा तवा, ज्याला कधी मासा लागला नव्हता, तो त्यांनी घासून घेतला होता. ताटलीत बटाट्याच्या दोन टिक्क्या होत्या. एकीची बाजू करपलेली, दुसरी वेडीवाकडी, मधून फुटलेली. त्यांनी ताटली माझ्यापुढं ठेवली आणि खाली मान घालून म्हणाले, "आधी अक्काच्या असतात. आज उलटं झालं."

ते दगडाच्या पलीकडे, तुझ्या पाटावर बसले. त्यांच्या हातात माशाची एक टिक्की होती. तू गेल्यापासून त्यांनी कुणासमोर नीट जेवण केलं नव्हतं. ताट यायचं आणि तसंच जायचं. ती टिक्की त्यांनी सावकाश खाल्ली, सगळी. मिठाचा डबा खिडकीतच होता, हात लांबवला तरी पुरला असता. त्यांनी तिकडं बघितलं नाही.

मग ते म्हणाले, परवा बीडला तपासणीला जायचंय, शोभाला ज्या डॉक्टरकडं न्यायचं राहून गेलं तिथं तुम्ही पण चला, तुमचंही दाखवून घेऊ. मी घाबरले. मला काय झालंय, मी म्हटलं, मला काही होत नाही. आणि म्हणता म्हणता ऐकलं की मी कुणासारखी बोलतेय. आम्ही उद्या सकाळच्या बसनं जाणार आहोत. मी कुलूप दोनदा ओढून बघणार आहे.

माझ्या टिक्क्या अळणी होत्या. करपलेल्या आणि अळणी. मी दोन्ही संपवल्या. बटाट्याच्याच होत्या, शोभा, त्यात काटा असणं शक्यच नव्हतं, तरी प्रत्येक घास मी जिभेनं चाचपून, दाबून, मगच गिळत होते. घाबरट म्हण हवं तर. म्हण ना.